तायाबाकला हवा होता थोडा अंधार

होय, खरीच आहेत. फुलांबद्दल म्हणतेय मी. चिमटा काढून बघू नका, नखाचा डाग पडतो आणि फूल गळेपर्यंत जात नाही. या रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण आधी तेच करतो. "प्लॅस्टिकची असतील," असं म्हणत फाटकातून हात घालतो, चिमटा काढतो आणि मग "अगंबाई, ओली लागतात!" म्हणून स्वतःच दचकतो. माझा रंग ना धड हिरवा, ना धड निळा. उथळ समुद्रात ऊन उतरलं की पाणी जसं दिसतं, तसा. त्यातून फुलांचा आकार पोपटाच्या चोचीसारखा, आणि घोस माणसाच्या हाताएवढाले लांब. लोकांचा विश्वास बसत नाही, त्याला मी काय करणार?

मी तायाबाकची वेल बोलतेय. सिएरा माद्रे डोंगररांगेच्या पायथ्याशी, या गावाच्या शेवटच्या घराच्या फाटकावर बांबूचा मांडव आहे, त्यावर मी पसरलेय. घर इस्यांगचं. गावात तिला सगळे मानानं आलिंग इस्यांग म्हणतात. मी नुसतं इस्यांग म्हणते, कारण आम्ही दोघी एकाच वर्षी या घरात आलो. ती नवी नवरी होती आणि मी दोन पानांचं रोप.

जात आमची शेंगांची. परसातल्या कुंपणावर चढलेली चवळी माझी चुलत बहीण लागते. पण तिचं बरं आहे. भुंगा आला तरी ती शेंग धरते, नाही आला तरी धरते. बारा महिने लेकुरवाळी! माझं तसं नाही. माझ्या फुलाला एक कळ असते आणि ती मधमाशीच्या वजनानं दबत नाही. मधमाश्या दिवसभर येतात, जमेल तेवढं गोड चाटतात आणि जातात. फुकट्या मेल्या.

कळ दाबणारा पाहुणा तिन्हीसांजेला येतो. वटवाघूळ.

नाकं मुरडू नका. ते माझ्या घोसाला उलटं लटकतं, फुलात तोंड खुपसतं, कळ दबते, आणि आतून परागाचं बोट बाहेर येऊन त्याच्या कपाळाला टेकतं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला लावतात ना, अगदी तसं. मग ते माखल्या कपाळानं दुसऱ्या घोसाकडे जातं आणि तिथे शेंग धरते. आमचं लग्न ते एवढंच. हे सगळं मला माझ्या आईनं शिकवलं. डोंगरातल्या ओढ्याकाठी एका थोरल्या झाडावर ती चढली होती आणि संध्याकाळ झाली की तिच्या अंगाखांद्यावर नुसती फडफड चालायची. आई म्हणायची, "रंग बघून माणसं फसतात. आपण दिवसासाठी फुलत नाही बरं."

ते झाड तोडलं इस्यांगच्या नवऱ्यानं, कार्दिंगनं. लाकूडतोड हाच त्याचा धंदा. त्याचं वेलीशी वैर नव्हतं, त्याला झाड हवं होतं. पण वेलीला झाडाशिवाय दुसरं घर नसतं. झाडाबरोबर आई खाली आली आणि सगळे घोस चिखलात पडले. कार्दिंग बराच वेळ टोपी हातात घेऊन उभा होता. मग त्यानं इकडेतिकडे शोधलं, मला मुळासकट उकरलं आणि करवंटीत घालून घरी आणलं.

"मी मासे आणायला सांगितले होते," इस्यांग दारातच म्हणाली, "आणि तू पाला घेऊन आलास?"

"फुलेल तो."

"कधी?"

"तुझा राग उतरेल तेव्हा."

"मग बस वाट बघत!" असं म्हणून तिनं मला पाणी घातलं.

बरीच वर्षं मी नुसतीच चढत राहिले. माझ्या मांडवाखाली झोळी बांधली गेली आणि झोळीत लुनिंगनिंग आली. इस्यांगची एकुलती एक. ती चालायला लागली तेव्हा मला पहिले घोस आले. गळलेली फुलं बोटांवर चढवून ती वाघाची नखं करायची आणि बापाच्या अंगावर धावून जायची. कार्दिंग दर वेळी तितकाच घाबरायचा. तेव्हा या टोकाला वीज नव्हती, संध्याकाळ पडली की अंधार व्हायचा आणि बांबूच्या बेटातून माझे पाहुणे यायचे. एका वर्षी शेंग धरली. चांगली कलिंगडाच्या पिल्लाएवढी! मी तिला पानाआड लपवून ठेवलं. पण पावसाळ्यात वादळ आलं, त्यानं घराचं छप्पर नेलं आणि माझी शेंगही नेली. छप्पर नवं झालं.

वीज आली तशी कार्दिंगनं ख्रिसमसचा तारा केला. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पातळ शिंपल्यांच्या चकत्या आणि आत दिवा. आमच्याकडे पाऊस पुरता सरलेला नसतो तोच लोक तारे टांगतात. आमचाही माझ्या मांडवाच्या तोंडाशी टांगला जायचा. जानेवारीत तिन्ही राजांचा सण झाला की कार्दिंग तो उतरवून माळ्यावर ठेवायचा आणि मला कळ्या यायच्या त्यानंतर. त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

मग एका पावसाळ्यात कार्दिंग तापानं गेला. त्या वर्षी तारा टांगला तो लुनिंगनिंगनं, आणि उतरवायची वेळ यायच्या आधीच तिनं सांगितलं की तिला परदेशात, इस्पितळात काम मिळालंय.

भांडण माझ्याच खाली झालं. तिची पेटी फाटकाशी होती.

"बापाचं वर्ष झालं नाही, आणि तू निघालीस?"

"नानाय, इथे राहून करू काय? चवळी खुडू?"

"माझ्या आईनं खुडली, मी खुडली. मेलो नाही आम्ही."

"जगलात तरी कुठे?"

इस्यांगचा चेहरा उतरला. मला दिसला ना. लुनिंगनिंगलाही दिसला असता, पण ती पेटीचा पट्टा ओढत होती.

"मग जा," इस्यांग म्हणाली. "आणि गेलीस की या फाटकाशी पुन्हा येऊ नकोस."

जीपनी, म्हणजे आमच्याकडची प्रवासी गाडी, वळणावर गेली तेव्हा इस्यांग अनवाणी धावली. पार पुलापर्यंत गेली आणि धुळीनं माखून परत आली. त्या संध्याकाळी तिनं मारियामाउलीची तसबीर बाहेर आणली, ताऱ्याखाली ठेवली आणि नवस बोलली. "माउली, माझी जीभ घसरली. पोर परत येईपर्यंत हा तारा एक संध्याकाळही विझू देणार नाही. तिला लांबून दिसू दे, फाटक उघडं आहे म्हणून. तू तेवढी तिला सांभाळ."

हे लुनिंगनिंगला कळवलं तेबाननं. तेबान म्हणजे कार्दिंगचा जंगलातला जोडीदार, आणि लुनिंगनिंगचा निनोंग. बाप्तिस्म्याला तिला हातावर घेणारा, दुसरा बापच म्हणा. मायलेकी फोनवर बोलायच्या, नाही असं नाही. "बरी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले. यंदा सुटी नाही." की संपलं. एकीला माफी मागता येत नव्हती आणि दुसरीला "येऊ का" विचारता येत नव्हतं. दोघी एकाच मातीच्या. पुढे एकदा लुनिंगनिंगनं भेटवस्तूंच्या खोक्यातून ताऱ्यासाठी नवे दिवे पाठवले. लाल, हिरवे, डोळे मिचकावणारे. ते बघून इस्यांग हुंदके देऊन रडली. मीही रडले असते, पण माझं कारण वेगळं होतं.

कारण तारा आता उतरतच नव्हता.

शेजारणी हसायच्या. "इस्यांग, अगं पुनरुत्थानाचा सण आला, आणि तुझ्याकडे येशूचा अजून जन्मच चाललाय!" इस्यांग म्हणायची, "माझा येशू सावकाश जन्मतो. तुमची घाई तुमच्यापाशी." त्या हसत निघून जायच्या आणि ती शिंपल्यांवरची धूळ पुसायची.

आणि मी? मी दर उन्हाळ्यात फुलत होते. रस्त्यावरून जाणारे थांबायचे, फोटो काढायचे, चिमटे काढायचे. मे महिन्यात मुली माउलीला वाहायला फुलं न्यायच्या, कमानीला घोस बांधायच्या. "काय नशीबवान वेल," म्हणायच्या. संध्याकाळी पाहुणे बांबूच्या बेटातून निघायचे, जांभळाच्या झाडापर्यंत यायचे आणि तिथून वळायचे. उजेडात वटवाघूळ येत नाही. घुबडाला दिसेल ही त्याला भीती. मला त्यांचे पंख ऐकू यायचे. मी गोड रसानं भरून उभी असायचे, घोसच्या घोस, आणि पंखांचा आवाज लांब जायचा. सकाळी जमीन निळी झालेली असायची. इस्यांग खराटा घेऊन यायची. "किती गं गळतेस," म्हणायची.

खरं सांगते, मला तिचा राग यायचा. माझ्या फांद्या कापून गावात कितीतरी जणांनी लावल्या. पण फांदी म्हणजे मीच की. आरशात बघून कुणी लेकरू झालं म्हणत नाही.

मग एका पावसाळ्यात डोंगराचा एक कडा खचला. तेबान वर जाऊन आला आणि चिखलाच्या पायांनी थेट फाटकाशी आला. हातात माडीची बाटली होती, पण उघडलेली नव्हती.

"वहिनी, ओढ्याकाठची शेवटची तायाबाक गेली. दरड तिच्यावरूनच उतरली. आता रानात बघायला एकसुद्धा नाही."

"अरेरे," इस्यांग म्हणाली. "माझी आहे ना पण."

"तुझी आहे. पण तुझीला शेंग कुठाय? बी नाही तर रानात लावणार काय? नुसती फांदी तिथे जगत नाही. कार्दिंग म्हणायचा, आई मी पाडली, निदान लेक तरी परत वर जाईल. आठवतं?"

इस्यांगनं ताऱ्याकडे बघितलं.

"हा तारा मालव. फुलं असतील तेवढे दिवस. वटवाघळं उजेडाला भितात."

"तेबान, तुझी अक्कल माडीत बुडाली का रे? नवस आहे तो! माझी पोर समुद्रापलीकडे एकटी. तिला काही झालं म्हणजे? आणि नेमकी त्याच दिवशी आली तर? फाटकाशी अंधार बघून तिला काय वाटेल? आईनं आशा सोडली. दार लावून घेतलं. तशीच मागे फिरेल ती."

तेबान बाटली तशीच घेऊन गेला. मला वाटलं, झालं, मिटला विषय. मी पुन्हा फुलले. वेल आहे मी, फुलायचं नाही असं ठरवता येत नाही.

पण त्या एप्रिलातल्या एका संध्याकाळी वीज गेली. तारा विझला आणि सगळीकडे छान, मऊ अंधार झाला. जांभळाच्या झाडावर चुळबुळ झाली. एक पाहुणा निघाला, मांडवाला एक फेरी मारली, दुसरी मारली. मी श्वास धरून होते. त्याचे पाय घोसाला लागणार, तेवढ्यात इस्यांग रॉकेलचा कंदील घेऊन धावत आली, नवस मोडू नये म्हणून. कंदिलाच्या उजेडात तिला तो दिसला. माझ्यापासून वीतभर अंतरावर. तो गर्रकन वळला आणि गेला.

इस्यांग कंदील धरून तशीच उभी राहिली. तिनं त्याच्या मागे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझंही कुणीतरी दारातून परत जातंय होय गं," ती म्हणाली. "आणि हाकलतेय मी."

दुसऱ्या दिवशी तिनं तेबानला बोलावलं. दोघं मांडवाखालच्या बाकावर बसली.

"नवस मोडणार नाही मी. आधीच सांगते."

"कोण म्हणतंय मोड? नवसात काय बोललीस? शब्दन्शब्द सांग."

"तारा विझू देणार नाही म्हणाले."

"कुठला तारा ते बोललीस. कुठे टांगलेला, ते बोललीस का?"

इस्यांगनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू वकील व्हायचास रे."

"माउली समजूतदार आहे. तीही आईच."

त्या दोघांनी तारा उतरवला. घरात नेला आणि इस्यांगच्या खाटेच्या उशाशी टांगला. खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. त्या उकाड्यात, लाल-हिरव्या मिचकावण्यात ती बाई झोपायची तरी कशी, देव जाणे. पण रोज तिन्हीसांजेला ती आत तारा लावायची, दार घट्ट ओढायची आणि बाहेर अंधारात माझ्याखाली झावळीचा पंखा घेऊन बसायची. दर थोड्या वेळानं रस्त्याकडे बघायची. तिला भीती होती ती रस्त्याचीच.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी तो आला. उलटा लटकला, तोंड खुपसलं. कळ दबली. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी खरोखर आलं होतं. इस्यांगनं पंखा थांबवला आणि हळूच म्हणाली, "जेव बाबा, जेव."

आणि मग ती संध्याकाळ.

पाहुणा घोसाला लटकलेला होता. रस्त्यावर जीपनी थांबल्याचा आवाज आला आणि पुढे गेल्याचा. कुणीतरी चाकांची पेटी ओढत फाटकापर्यंत आलं आणि थांबलं. मी पाहिलं. केस कापलेले, अंग भरलेलं, पण मान तिरकी करून उभं राहायची सवय तीच. लुनिंगनिंग! ती मांडवाच्या तोंडाकडे बघत होती, जिथे तारा असायला हवा होता. घर काळोखात होतं. तिनं फाटकावर हात ठेवला होता तो काढला. पेटी वळवली.

मी ओरडू शकत नाही हो. नाहीतर पुलापर्यंत ऐकू गेलं असतं.

पेटीचं चाक करकरलं आणि माझ्याखालून, अंधारातून, इस्यांगचा दबका आवाज आला. "शूः! कोण ते? वाजवू नको काही. पाहुणा जेवतोय."

तिला माहीतच नव्हतं कोण आहे ते. गावातलं कुणीतरी असेल असं वाटलं होतं.

लुनिंगनिंग जागच्या जागी उभी राहिली. मांडवाखाली म्हातारी आई, फाटकाबाहेर लेक, आणि मध्ये माझ्या घोसाला लटकून पिणारं वटवाघूळ. त्यानं सावकाश एक फूल संपवलं, दुसरं संपवलं. मला त्याची घाई नव्हती कधी, पण त्या दिवशी वाटलं, आटप रे बाबा. शेवटी तो उडाला.

"नानाय," लुनिंगनिंग म्हणाली, "तारा कुठाय?"

इस्यांगच्या हातातला पंखा पडला. उठायला गेली तर गुडघा धरला. "आत आहे," ती घाईघाईनं सांगू लागली, "आत आहे गं, माझ्या उशाशी. चालू आहे. एक दिवस विझवला नाही. माउलीची शपथ! या वेलीसाठी आत नेला. तेबानला विचार. ये ना, बघ तरी, चालू आहे..."

"मी वळले होते, नानाय."

"मी चुकले गं. तेव्हाच चुकले. जीपमागे धावले होते."

"माहितेय. मागच्या काचेतून दिसलीस. मीच थांबवली नाही गाडी."

मग फाटक उघडलं. पुढचं रडणं-हसणं मी सांगत नाही, ते त्यांचं आहे. थोड्या वेळानं घराचं दार उघडलं, लाल-हिरवा उजेड अंगणात पडला, आणि मग लुनिंगनिंगच्या हातानं तो विझला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण लेक आईला घेऊन जायला आली होती. तिला मनिलाच्या इस्पितळात नोकरी मिळाली होती, राहायला घर होतं, उंच इमारतीत. इस्यांगचे गुडघे इथे एकटीनं राहण्याजोगे उरले नव्हते, हे मलाही दिसत होतं. निघायच्या दिवशी ती माझ्याखाली आली. माझ्या घोसाच्या दांड्यावर तेव्हा सुपारीएवढी शेंग धरली होती. तिनं ती ओंजळीत धरली, तेबानला दाखवली. "पिकली की त्याच दिवशी ओढ्यावर लाव. कार्दिंगच्या नावानं." आणि मला म्हणाली, "येते गं."

तेबाननं शब्द पाळला. पावसाळ्यात शेंग पिकली तशी उतरवली, बिया वर नेल्या आणि नंतर येऊन मला सांगून गेला, "उगवल्यात. तुझ्यासारख्याच हट्टी दिसतात." तोही आता थकलाय. पूर्वीसारखा येत नाही.

घर बंद आहे. विजेची तार तोडून नेली. मला हवा होता थोडा अंधार, मिळाला तो पुष्कळ. पाहुणे रोज येतात, शेंगा धरतात. आणि ज्या ताऱ्याचा मी इतकी वर्षं राग केला, त्याचीच मला आठवण येते. तो होता तेव्हा कुणीतरी होतं. आता फुलं गळतात ती तशीच पडून जांभळी होतात. "किती गं गळतेस" म्हणणारं कुणी नाही.

इस्यांगकडे निदान तारा होता वाट बघायला. माझ्याकडे फुलंच आहेत. म्हणून हल्ली मी सगळे घोस फाटकाबाहेर, रस्त्याच्या बाजूला सोडते. वळणावरून दिसतात म्हणे.

निघालात? बरं. मघाशी मी तुम्हाला चिमटा काढू नका म्हणाले. काढायचा असेल तर काढा. डाग पडला तर पडू दे.